भोंगा

आमच्या बंदरात भोंगा वाजला की
बाई झोपेतच चालू लागायची.
होड्या रात्री दोनला आल्या तर दोनला,
घरात मयत असलं तरी
हात पुसून धावायची डब्यांच्या कारखान्याकडे,
कारण सार्डिन थांबत नाही
आणि मुकादम तर त्याहून नाही.

वीस वर्षं मी अशी धावले.
मासळीचा वास अंगात इतका मुरलेला
की चर्चमध्ये मागचे बाक आमचे,
कुणी न सांगताच ठरलेले.

मार्चमध्ये इदालिनाची दोन बोटं गेली.
पंधराची पोर. झाकणं दाबायच्या यंत्रात.
कुस्तोदियू मुकादमानं यंत्र थांबवलं, पुसून घेतलं,
रक्त उडालेले डबे मोजले :
एकशे अठरा.
शनिवारी पोरीच्या पाकिटातून
एकशे अठरा डब्यांचे पैसे कापलेले.

आता झुल्मिराबद्दल सांगायला हवं.
कुत्र्याला भिणारी, विजेला भिणारी,
पाद्र्यानं नुसतं नाव विचारलं तरी घाम फुटणारी,
खाटकानं निव्वळ हाडं बांधून दिली
तरी मुकाट घरी नेणारी.
ती म्हणाली,
इतक्या बारीक आवाजात की पुन्हा विचारावं लागलं :
"पोरीचे पैसे परत द्या."
कुस्तोदियू हसला.
तिनं सुरी टेबलावर ठेवली,
पातं स्वतःकडे करून, सवयीनं,
कुणाला लागू नये म्हणून.

मग मी ठेवली.
माझ्यामागे देओलिंदानं,
जिची दुकानात तीन महिन्यांची उधारी होती.
मग नुसता लाकडावर लोखंडाचा आवाज,
टेबलामागून टेबल,
आणि त्यानंतर इतकी शांतता
की बर्फ वितळताना ऐकू येत होतं.

पगारासाठी याआधी दोनदा उठलो होतो आम्ही.
दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत.
पोटासाठी उभं राहिलं की
पोटच पदर धरून मागं ओढतं.
या वेळी काय निराळं होतं?
होडीच्या तळाशी दगड भरतात ना,
वाऱ्यात कलंडू नये म्हणून,
तसं काहीतरी आत बसलं होतं. जड.
त्याचं ओझं मात्र वाटत नव्हतं.

तरी पहाटे भोंगा वाजलाच.
आम्ही धुण्याच्या हौदाच्या काठावर, अंधारात,
आणि खरं सांगते,
मन बसलेलं आणि पाय उठत होते.
वीस वर्षांचे पाय. त्यांना काय कळतं?
देओलिंदानं माझा घोटा धरला,
मी झुल्मिराचा,
झुल्मिरानं पलीकडच्या म्हातारीचा,
आणि भोंगा वाजत राहिला,
आणि आम्ही साठ बायका
एकमेकींचे पाय घट्ट धरून बसलो
हौदातलं पाणी थरथरायचं थांबेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मासळी फुगली. समुद्रपक्षी माजले.
नवरे शिव्या देत फिरू लागले.
माझा आनिबाल दारात ओरडला,
"दोन बोटांसाठी गाव उपाशी मारणार?"
मी म्हटलं, "बोटं समुद्राला गेली असती तर रडून गप्प बसले असते.
तिच्या रक्ताचं बिल तिलाच लावलंय."
तो बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला.
त्या रात्री त्याची होडी बांधलेलीच होती.
शेजारच्या दोनही.

मध्ये एकदा मी हरले, तेही सांगते.
सहाव्या दिवशी धाकटा भाकरीसाठी रडला
आणि मी चपला घातल्या.
कोपऱ्यापर्यंत गेले.
तिथं इदालिना बसली होती,
डाव्या हातानं बटाटे सोलायला शिकत.
सालं जाड निघत होती.
मी शेजारी बसले, दोन सोलून दिले,
परत आले.

दहाव्या दिवशी पाकीट आलं.
कुस्तोदियू स्वतः आला नाही, कारकुनाला धाडलं.
हौदाच्या कट्ट्यावर पोरीनं नाणी मांडली, मोजली,
पुन्हा मोजली.
चार कमी.

कुणीतरी म्हणालं, जाऊ दे आता.
खरं तर मीच म्हणाले.

झुल्मिरानं हात पुसले आणि निघाली.
कारखान्याच्या वाटेवर ते पिवळं कुत्रं पडलेलं,
नेहमीचं, एका डोळ्याचं.
ती थबकली.
रस्ता ओलांडून
भिंतीला अंग घासत पलीकडून गेली.
पण गेली.